पाचवा शनिवार

वर्षाकाठी चार महिने तरी असे येतात, ज्यांत पाच शनिवार पडतात. बाकीच्या जगाला त्याचं काही नसतं. ज्यांच्या कपाटात घटस्फोटानंतर मुलाला भेटण्याचे दिवस म्हणून ‘दर महिन्याचा दुसरा व चौथा शनिवार’ असं लिहिलेला कोर्टाचा कागद आहे, त्यांना मात्र हे महिने जानेवारीतच कॅलेंडरवर दिसलेले असतात. एरवी चौथ्या शनिवारनंतर पुढच्या महिन्याचा दुसरा शनिवार दोन आठवड्यांनी येतो. पाच शनिवारांच्या महिन्यात मध्ये एक आठवडा जास्तीचा घुसतो. माझा मुलगा पहिली-दुसरीत असताना त्या आठवड्यात हमखास विचारायचा, “बाबा विसरला का?” बाबा विसरलेला नसायचा. त्या शनिवारचा कागदात उल्लेख नव्हता, एवढंच.

मुलाचं नाव इथे लिहीत नाही. तो आता बारा वर्षांचा आहे, आणि स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधून पाहायचं हेच वय.

आमचा घटस्फोट २०१८ साली संमतीने झाला. त्याच्या आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की परस्परसंमतीच्या घटस्फोटात सहा महिने थांबण्याची अट परिस्थिती बघून माफ करता येते. मात्र पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सगळं दोघांत आधी मिटलेलं असलं पाहिजे. वेगळं राहून आम्हाला दोन वर्षं होऊन गेली होती आणि दोघंही थकलेलो होतो. वकिलांच्या ऑफिसात एका दुपारी बसून सगळं मिटवलं. दागिने, फ्लॅटचं कर्ज, एलआयसीच्या पॉलिसी यांवर बराच वेळ गेला. मुलाच्या भेटीचं कलम तयारच होतं. आधीच्या कुठल्यातरी जोडप्याच्या कन्सेंट टर्म्समधून, म्हणजे संमतीच्या अटींच्या कागदातून, ते जसंच्या तसं उचललेलं असावं, कारण पहिल्या प्रतीत एके ठिकाणी ‘मुलगी’ असं राहून गेलं होतं. ते खोडून ‘मुलगा’ केलं आणि सह्या केल्या.

दुसरा व चौथा शनिवार सकाळी दहा ते रविवार संध्याकाळी सहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस. दिवाळीच्या सुट्टीचा पूर्वार्ध आईकडे, उत्तरार्ध वडिलांकडे. रोज रात्री आठ ते साडेआठ फोन. हेच दोन शनिवार का, तर माझा अंदाज असा की त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असते, २०१५ पासून बँकांनाही असते, आणि कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तेच कॅलेंडर असतं. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. बाबा कर्वेनगरला राहायचा, आम्ही पिंपळे गुरवला. त्या वयाला आणि त्या अंतराला ते वेळापत्रक बरं चाललं, हे मोकळेपणाने सांगायला हवं.

मग बाबाची बदली नाशिकला झाली, सातपूरच्या कारखान्यात.

मी एका कंपनीत पगारपत्रकं करते, त्यामुळे तास मोजणं हा माझा धंदा आहे. पुणे ते नाशिक दोनशे दहा किलोमीटर, थेट रेल्वेमार्ग नाही. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर करत पाच तास लागतात. बाबा शनिवारी पहाटे पाचला नाशिकहून निघणार, दहाला आमच्याकडच्या नाशिक फाट्यावर मुलाला घेणार आणि तसाच परत फिरणार. तीन वाजता घरी. रविवारी दुपारी एकला पुन्हा निघायचं, कारण सहाला मुलगा माझ्याकडे पोचला पाहिजे, आणि त्यानंतर बाबाला एकट्याला परतीचे पाच तास. कागदावर बत्तीस तासांची भेट. प्रत्यक्ष घरात बावीस, त्यातली झोप वजा केली तर तेरा. त्या तेरा तासांत आंघोळ, दोन जेवणं आणि नाशिकच्या आईंचं “किती वाळलाय गं बाई” हेही आलं. (मी माझ्या माजी सासूबाईंना अजून आईच म्हणते. कोर्टाने त्याबद्दल काही आदेश दिलेला नाही.)

त्यात मुलगा क्रिकेटच्या वर्गाला जायला लागला आणि यष्टिरक्षक झाला. सामने शनिवारी सकाळी. दुसऱ्या शनिवारी पोटात दुखू लागलं, चौथ्या शनिवारी डोकं. बाबाला वाटलं मी शिकवते. मला वाटलं बाबा समजून घेत नाही. मुलाला काय वाटत होतं, हे तो दोघांनाही वेगवेगळं सांगत होता आणि दोन्हीकडे खरंच सांगत होता.

सुरुवातीला आम्ही आपापसात जुळवून घेतलं. या शनिवारी मॅच आहे, पुढचा घे. चालेल. ऑडिट आहे, या महिन्यात एकदाच येतो. चालेल. दीड-एक वर्ष असं गेलं आणि मला वाटू लागलं, की कोर्टाचा कागद आता कपाटात राहिला तरी चालेल. मग शाळेच्या फीवरून आमचं बिनसलं. पंधरा दिवसांनी त्याच्या वकिलांची नोटीस आली, आणि तिच्यात ‘भेट नाकारलेल्या’ शनिवारांची यादी होती. त्यांतले बरेचसे शनिवार त्याच्याच सोयीने बदललेले होते. माझ्याकडे त्याचे ‘चालेल’ जपलेले होते आणि ते पुरावा म्हणून दाखवताही आले असते. पण कोर्टाचा हुकूमनामा मात्र होता तिथेच होता. त्याच्या आधारे अंमलबजावणीची दरखास्त टाकता येते, अवमानाची भाषा करता येते. तोंडी आणि व्हॉट्सॲपवरचं जुळवून घेणं चांगल्या दिवसांत उत्तम चालतं आणि भांडणाच्या दिवशी ज्याला हवं त्याच्या हाती जुनं वेळापत्रक पुन्हा येतं. “दोघांचं पटतंय तर कोर्टात कशाला जायचं?” असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. पटत असतानाच जायचं असतं, असं माझं आता मत आहे.

वकीलबाईंनी जुना कागद वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “म्हणजे त्यांना सलग दिवस मिळावेत, उन्हाळ्यात जास्त मिळावेत, म्हणून अर्ज तुम्ही करणार?”

“हो.”

“सहसा तो अर्ज ते करतात आणि आपण विरोध करतो.”

तरी त्यांनी समजावून सांगितलं. संमतीने घेतलेला आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा माझा समज होता. तसं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावरही मुलाच्या ताब्याबद्दलचे आदेश न्यायालय वेळोवेळी बदलू शकतं, स्थगित करू शकतं, रद्दही करू शकतं. विशेष विवाह कायद्यात तेच कलम ३८. ज्यांचं लग्न यांत बसत नाही, त्यांच्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. मुलांच्या ताब्याचे आदेश स्वभावतःच तात्पुरते असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगून ठेवलेलं. मुलं ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असंही त्याच निकालात आहे. २०१० च्या एका प्रकरणात तर आमच्यासारख्याच कन्सेंट टर्म्स होत्या. आईला नोकरीसाठी मुलाला घेऊन ऑस्ट्रेलियाला जायचं होतं, वडील म्हणत होते सहीच झाली आहे, आता बदल कसला. न्यायालयाने सांगितलं, संमतीने झालेला असला तरी ताब्याचा आदेश मुलाच्या हितासाठी बदलता येतो. न्यायमूर्ती स्वतः त्या मुलाशी बोलले होते. आईला जाऊ दिलं आणि वडिलांच्या भेटी वर्षातून दोन वेळा अशा बसवल्या.

हे ऐकून मला हलकं वाटलं. त्यानंतर अर्जाचा मसुदा हातात आला.

मसुदा वकीलबाईंच्या ज्युनिअरने केला होता आणि तो नऊ पानी होता. जाब देणार (म्हणजे बाबा) हे बेजबाबदार आहेत. जाब देणार हे अज्ञान (म्हणजे वयाने लहान) मुलास बाहेरचं खाऊ घालतात. जाब देणार हे मुलास रात्री उशिरापर्यंत मोबाइल देतात. मी विचारलं, हे कुठून आलं? तर म्हणे, काहीतरी कारण द्यावं लागतं. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती मोबाइल नाही असं कुठलं घर आहे? लाल पेनाने मी एकेक परिच्छेद काढत गेले. शेवटी उरलं ते असं: आदेशाच्या वेळी मुलगा पाच वर्षांचा होता, आता सातवीत आहे. आदेशाच्या वेळी दोघं एकाच शहरात होते, आता वडील नाशिकला आहेत. प्रत्येक भेटीत मुलाचे दहा तास रस्त्यात जातात. परिस्थिती बदलली आहे आणि हे वेळापत्रक आता मुलाच्या हिताचं राहिलेलं नाही. अडीच पानं झाली. वकीलबाई वाचून म्हणाल्या, “पुरेसं आहे.” न्यायालयाला परिस्थितीतला बदल आणि मुलाचं हित बघायचं असतं, समोरच्याला वाईट ठरवल्याशिवाय बदल मागताच येत नाही, ही अर्ज लिहिणाऱ्यांची सवय आहे, कायद्याची गरज नाही. माझ्या ओळखीतल्या दोन बायकांचे अर्ज मी नंतर वाचले. दोन्हींत बदल हवा होता एका रविवारचा आणि आरोप होते आख्ख्या संसाराचे.

अर्ज जाण्याआधी मी बाबाला फोन करून सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “कर की.” तरीही कोर्टाचं पाकीट घरी आल्यावर माणसाचं काय होतं कोण जाणे. त्याने वकील केला आणि त्याचा ‘से’, म्हणजे लेखी उत्तर, दाखल झाला. अर्जदार ही जाब देणाऱ्याचा सहवास कमी करू पाहते. अर्जदार ही मुलाचे कान भरते. मी वाचलं आणि तासभर नुसती बसून राहिले. मग लक्षात आलं की या भाषेत तो सबंध संसारात माझ्याशी कधी बोलला नव्हता. ही त्याच्या वकिलांच्या कॉम्प्युटरमधली भाषा होती, आणि तिथेही एखादा नऊ पानी मसुदा बसलेला असणार. त्याच्याकडे फक्त लाल पेन नव्हतं.

मग आम्हाला विवाह समुपदेशकांकडे पाठवलं. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४ चा. त्यात समेटाचा प्रयत्न हे न्यायालयाचं कामच मानलेलं आहे. आमचा समेट व्हायचा राहिला नव्हता, पण समुपदेशकबाईंनी भलतंच काम दिलं. दोघांना एकेक कोरा कागद दिला आणि सांगितलं, मुलाचा शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ तासातासाने लिहा. आधी सध्याचा, मग तुम्हाला हवा तसा.

आता इथे दोन्ही पार्ट्या हिशोबी निघाल्या. तो इंजिनिअर. मी मांडलं होतं: महिन्यात एक शनिवार-रविवार नाशिकला, शुक्रवार संध्याकाळी सात ते रविवार संध्याकाळी सात, आणि आणखी एका रविवारी बाबाने पुण्यात यायचं, सकाळी नऊ ते पाच. त्याने मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर काढला. “सध्या चौसष्ट तास आहेत. तुझ्या कागदात छप्पन्न.” मी म्हटलं, चौसष्टमधले वीस तास पोरगा गाडीत असतो, उरले चव्वेचाळीस. छप्पन्नमधले दहाच गाडीत, उरले सेहेचाळीस. तो गप्प. पुन्हा आकडे टाकले. मग म्हणाला, “आणि उन्हाळ्याचे?” उन्हाळ्याचे पंधराचे सलग पंचवीस दिवस लिहिले होते. महिना आठ तास म्हणजे वर्षाचे चार दिवस गेले, दहा आले. समुपदेशकबाई मध्ये बोलल्या नाहीत. तीन वर्षं शब्दांनी जे होत नव्हतं ते त्या बेरजेने झालं. आमचा संसारही बहुधा एक्सेलमध्ये टिकला असता.

मुलाला वेगळं बोलावलं होतं. मुलांच्या खोलीतली खेळणी आणि खुर्च्या चार-पाच वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. हा त्यावर गुडघे कानाशी घेऊन बसला. पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे, की मूल स्वतःची पसंती समजून सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. वयाचा आकडा त्यात नाही. मला धास्ती होती ती याचीच: त्याला कुणीतरी ‘आई की बाबा’ विचारणार. पुढच्या तारखेला न्यायाधीशांनीही त्याला चेंबरमध्ये बोलावलं, आम्हा दोघांना बाहेर ठेवून. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “त्यांनी विचारलं स्टंपिंग अवघड की कॅच.” आणखी काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाबानेही विचारलं नाही, हे मी त्याच्या खात्यावर जमा धरते.

समुपदेशकबाईंच्या अहवालात मात्र मुलाची एक मागणी आली, जी आमच्या दोघांच्या कागदांत नव्हती. रात्री आठचा फोन बंद करा. आम्ही दोघंही चपापलो. तो फोन रोज व्हायचाच असं नाही, पण चुकला की नोंद व्हायची. मुलाचं म्हणणं असं, की बाबाला सांगण्यासारखं काही घडतं ते साडेपाचला, मैदानावरून परतताना. आठ वाजेपर्यंत ते शिळं होतं आणि मग बाबा विचारतो ‘जेवलास का’, मी म्हणतो ‘हो’. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं होतं, की लांब राहणाऱ्या आई किंवा वडिलांना मुलाशी व्हिडिओ कॉलने संपर्क ठेवता आला पाहिजे. दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली आणि कित्येक घरांत तेवढंच उरलं. आमच्याही उरलं होतं. त्यामुळे फोनचं कलम काढायला बाबाचा जीव होईना. शेवटी लिहिलं ते असं: मुलगा हवं तेव्हा वडिलांना फोन करेल, आई अडवणार नाही, रविवारी मात्र एक कॉल ठरलेला. आता तो मैदानावरून निघाला की स्पीकरवर नाशिक चालू असतं. मला त्यातलं निम्मं ऐकू येतं आणि कळत काहीच नाही.

सर्वांत जास्त वेळ सणांनी खाल्ला. ‘दिवाळीच्या सुट्टीचा पूर्वार्ध आईकडे, उत्तरार्ध वडिलांकडे’ हे वाचायला किती समतोल वाटतं. पण आमच्याकडच्या शाळांची सुट्टी दिवाळीच्या तोंडावर लागते. लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज सगळं पूर्वार्धात संपतं. इतकी वर्षं बाबाच्या वाट्याला आली होती ती फटाके संपल्यानंतरची दिवाळी, चिवडा मऊ पडलेला आणि आकाशकंदील तेवढा लटकत राहिलेला. कागद तयार करणाऱ्या कुणाच्याही मनात हे नसणार. आता लक्ष्मीपूजन माझ्याकडे आणि पाडव्याला सकाळी निघून भाऊबीज नाशिकला. तिथे काकाची मुलगी आहे, याला ओवाळणारी तीच एक. गणपतीचा तर जुन्या कागदात उल्लेखच नव्हता. ते मूळ जोडपं बहुधा गणपती बसवणारं नसावं. नाशिकला दीड दिवसाचा असतो. वकीलबाई तारखा लिहायला लागल्या तेव्हा मी थांबवलं. चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. आणि अधिक महिना आला की पुन्हा उडी, म्हणजे २०२६ ला ज्येष्ठ अधिक असल्यामुळे १४ सप्टेंबर. म्हणून आदेशात तिथी लिहिली: भाद्रपद शुद्ध चतुर्थी आणि दुसरा दिवस, शाळेची परीक्षा नसल्यास. बाकी सण एका ओळीत उरकले. होळीसाठी कुणी भांडलं नाही.

पाचव्या शनिवारसाठी वेगळं कलम आहे. तो मुलाचा. जायचं, राहायचं, बाबाला बोलवायचं की मित्राकडे लोळायचं, ते त्याने ठरवायचं. बाबाच्या वकिलांचा यावर आक्षेप होता, की असं मोघम कलम अंमलात कसं आणणार. बाबाच म्हणाला, “आणायचंच नाही.”

सगळं ठरल्यावर संयुक्त पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचं लेखी निवेदन, कोर्टात दिली. न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं विचारलं, वाचलं का, समजलं का, कुणाचा दबाव आहे का. आदेश व्हायला फारसा वेळ लागला नाही. पुकारा होईपर्यंत मात्र दुपार गेली. आमच्या शेजारी बसलेलं जोडपं मुलीच्या पासपोर्टवरून आलेलं होतं आणि एकमेकांशी वकिलांमार्फत बोलत होतं, मध्ये दीड फुटाचं अंतर ठेवून.

कुठलाही शनिवार बदलायचा तर आठ दिवस आधी लेखी विचारायचं, व्हॉट्सॲप चालेल, आणि बदललेला दिवस त्याच महिन्यात भरून द्यायचा, हेही आदेशातच आहे. त्यामुळे ‘चालेल’ला आता वजन आलं. आजारपणात डॉक्टरांची चिठ्ठी मागायची नाही, असा माझा आग्रह होता. तो मान्य झाला. फीचं भांडण अजून मिटलेलं नाही, पण ते आता फीचंच भांडण आहे.

शेवटचं कलम वकीलबाईंनी घातलं: मुलगा दहावीत जाण्याआधी, म्हणजे एप्रिल २०२८ पर्यंत, दोघांनी हे वेळापत्रक पुन्हा बघावं. एकमत झालं तर पुरसीस, नाही तर अर्ज. सही करताना बाबाचं पेन त्या ओळीवर अडलं.

“म्हणजे पुन्हा हे सगळं?”

“अठरा पूर्ण होईपर्यंत,” वकीलबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या अशिलाची फाइल उघडली. त्याने सही केली, मोबाइल काढला आणि तिथेच उभ्याने एप्रिल २०२८ ला रिमाइंडर लावला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर लावला, मार्चचा.